पदवीवरचं प्लास्टिक

“हे काय आहे?” खिडकीमागच्या बाईंनी माझ्या पदवीवर नखानं टकटक केलं.

“माझी डिग्री आहे, मॅडम.”

“ते दिसतंय मला. वरून काय घातलंय?”

“लॅमिनेशन.”

“मग शिक्का कुठं मारू? प्लास्टिकवर?”

मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी दहावीची आणि बारावीची मार्कशीट उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर धाडधाड शिक्के मारले, सह्या ठोकल्या आणि पदवी तेवढी वेगळी काढून माझ्याकडं सरकवली.

“मूळ कागदाच्या पाठीवर शिक्का बसला पाहिजे. लॅमिनेट केलेला कागद आम्ही घेत नाही. बाहेर बोर्ड लावलाय.”

बोर्ड होता खरा. मी त्याच्याच खाली अडीच तास उभी होते.

“मागचं तेवढं प्लास्टिक काढून आणलं तर?”

“दोन्ही बाजूंनी कागद पाहिजे. जमत नसेल तर विद्यापीठाकडून डुप्लिकेट घ्या. चला, पुढचे.”

तो बुधवार होता, सहा जुलै दोन हजार अकरा. पुढच्या शुक्रवारी, पंधरा तारखेला, जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात माझे कागद पोचायला हवे होते. पोचायला, पाठवायला नव्हे. त्यांच्या पत्रकात हे वाक्य ठळक अक्षरात छापलं होतं. मुंबईहून कुरियरला सहा दिवस लागायचे. म्हणजे या शुक्रवारी कागद हातातून सुटला तर सुटला, नाहीतर वर्ष गेलं. आणि कागद खरे असल्याचा सरकारी शिक्का मारणारं मुंबईतलं हे ऑफिस शुक्रवारी एकपर्यंतच कागद घ्यायचं. माझ्याकडं दोन दिवस होते आणि पदवी प्लास्टिकमध्ये.

सरकारी विद्यापीठ म्हटलं की आमच्या बार्शीतली माणसं तोंड वाकडं करायची. ढगे अण्णा, तहसील कचेरीपुढं टाइपरायटर घेऊन बसायचे ते, मला म्हणाले होते, “एवढं परदेशात जायचं तर सरकारी कशाला गं? सरकारी तर इथं पण हाय.” तिकडं सरकारी म्हणजे फी नाही आणि मास्तर वर्गावर येतात, हे समजावता समजावता माझा घसा बसला. बीएस्सी झाल्यावर पुण्यात एका रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये मी नोकरी करत होते, आणि रविवारी सायबर कॅफेत बसून दोनशे पानी वहीत विद्यापीठं उतरवत होते. विषय रसायनशास्त्र, शिकवणं इंग्रजीतून, फी नको, आणि आमच्या तीन वर्षांच्या पदवीला पदवी मानणारं पाहिजे. एवढं सगळं लावून बघितल्यावर अठरातली तीन उरली. त्यातल्या एकानं जर्मन भाषेची परीक्षा मागितली. दुसऱ्यानं दोन ओळींत नाही कळवलं. उरलं हे एक. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला उच्चारता यायचं नाही, मलाच चार दिवस लागले होते.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी बार्शीच्या स्टँडवर उतरले ती तडक दुकानात गेले. घरी तोंडसुद्धा धुतलं नाही.

दुकान म्हणजे तहसील कचेरीच्या फाटकासमोरची दहा बाय आठची खोली. पाटी ‘बुरगुटे झेरॉक्स’. मी आठवीत असताना वडील गेले, ते त्याच कचेरीत शिपाई होते. आईनं सातवीपर्यंतच्या शिक्षणावर झेरॉक्सचं मशीन शिकून घेतलं आणि त्याच्यावर मला वाढवलं. मी पुण्याला हॉस्टेलवर गेल्यावर तिनं लॅमिनेशनचं मशीन घेतलं. त्या मशीनशी माझा काही संबंध आला नव्हता. सुट्टीत आले तर मी घरी लोळायची, दुकानात क्वचित फिरकायची.

मे महिन्यात मी तिला जर्मनीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, “किती वर्षं?” विचारलं, आणि भाकरी उलटली. जूनमध्ये कागद न्यायला आले तर दहावी-बारावीची मार्कशीटं नेहमीसारखी फाइलीत, आणि पदवी मात्र चकचकीत, कडक, चारी कोपरे गोल कापलेली. “एकच पदवी हाय घरात,” आई म्हणाली, “मळायला नको.” खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं होतं ते. मी बसमध्ये ती दोनदा बाहेर काढून बघितली होती.

आता तीच पदवी मी काउंटरवर आपटली.

“आई, काय करून ठेवलंस हे?”

ती कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या कॉप्या मोजत होती. तिनं मोजणं पुरं केलं, कॉप्या टाचल्या, माणसाला दिल्या. मग माझ्याकडं बघितलं.

“काय झालं?”

“घेत नाहीत. प्लास्टिक केलेला कागद घेतच नाहीत. उद्या एकच्या आत शिक्का नाही बसला तर सगळं संपलं. वर्षभर मी कुत्र्यासारखी राबले त्या अर्जासाठी.”

आईनं स्टेपलर जागेवर ठेवला.

“सरकारी कचेरीपुढं आठ वर्षं दुकान चालवतीस. एवढं कळत नाही तुला? कुणाला विचारायचं तरी. अडाणी ते अडाणीच राहिलीस.”

हे मी बोलले. भर दुकानात बोलले. बाहेर अण्णांचा टाइपरायटर थांबला.

“चुकलं,” आई म्हणाली. एवढंच.

अण्णा उठून दारात आले. पन्नाशीचे, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर प्रतिज्ञापत्र हे एकच औषध त्यांना ठाऊक होतं.

“काय अडलंय कांचन? पदवी हरवली म्हणून प्रतिज्ञापत्र करू. दहा मिनिटांत टाइप करून देतो.”

“अण्णा, हरवली कुठं? ही काय समोर आहे.”

“कागदावर हरवायची गं. त्यात काय एवढं.”

मी विद्यापीठात फोन लावला. चौथ्यांदा उचलला. डुप्लिकेटला पोलिसांचा दाखला लागेल, पेपरात जाहिरात द्यावी लागेल, त्यानंतर पंचेचाळीस दिवस. मी फोन ठेवला आणि स्टुलावर बसून रडले. आईनं पाण्याचा तांब्या माझ्या शेजारी ठेवला आणि पदवी हातात घेऊन उजेडात धरली. बराच वेळ ती नुसतीच बघत होती.

“इस्त्रीनं सुटतं,” ती म्हणाली. “आतला डिंक गरम झाला की सुटतं.”

“तुला येतं?”

“माझ्याच्यानं व्हईल का न्हाई, सांगता येत न्हाई.”

“नाहीतर ॲसिटोन आणते,” मी म्हणाले. रसायनशास्त्र शिकलेली मी. “त्यानं डिंक विरघळतो.”

“ही सही शाईची हाय,” आई म्हणाली. “ती पण विरघळंल.”

कुलगुरूंची निळी सही. मी बघितलीच नव्हती.

ती घरी जाऊन इस्त्री घेऊन आली. आमच्याकडं त्या वर्षी गुरुवारी दुपारी बारा ते चार लाइट जायची. तेव्हा साडेनऊ वाजले होते. मला वाटलं ती लगेच हात घालेल, पण तिनं आधी टेबलाखालचं रद्दीचं खोकं ओढलं. त्यात वाकडे गेलेले, सुरकुतलेले लॅमिनेशनचे कागद होते. एक काढला, वर पातळ धोतराचा तुकडा घातला, इस्त्री फिरवली, कडेला ब्लेड घातलं. कागद मधोमध फाटला. दुसरा घेतला. कागद निघाला, पण त्याच्यावरची अक्षरं प्लास्टिकला चिकटून निघून आली, कागद कोरा आणि प्लास्टिकवर उलटा मजकूर.

माझं नाव, श्रेणी, तारीख, सगळं असंच, झेरॉक्ससारखं काळ्या पावडरीनं छापलेलं होतं.

“आई, नको. असं झालं तर?”

“लई तापलं म्हणून झालं.” तिनं इस्त्रीचा आकडा कमी केला. तिसरा कागद घेतला. या वेळी प्लास्टिक वर न ओढता तिनं ते मागं मागं लोळवलं, गादीची वळकटी करतात तसं, आणि सुटलेल्या भागावर बोटानं चिमूट चिमूट तोंडाला लावायची पावडर लावत गेली, पुन्हा चिकटू नये म्हणून. वीस मिनिटं लागली. कागद अख्खा निघाला.

“आता दे,” ती म्हणाली.

मधेच गिऱ्हाइकं यायची. अण्णा त्यांना दारातूनच परत पाठवत होते. “मशीन बंद हाय,” एवढंच सांगायचे.

साडेदहाला तिनं माझ्या पदवीची पाठ सुरू केली. मागची बाजू कोरी होती, तिथं भीती फक्त फाटण्याची. मी तिच्या शेजारी उभी राहून कागदाची कड दाबून धरली होती. सव्वाअकराला मागचं प्लास्टिक सबंध निघालं. मी त्या कोऱ्या कागदावरून हात फिरवला. मुंबईच्या बाईंचा शिक्का बसायची जागा मोकळी झाली होती.

आता पुढची बाजू. तिनं खालच्या कडेनं सुरुवात केली. तारीख सुटली. सही सुटली, निळी शाई जागच्या जागी. चंदेरी गोल स्टिकरापाशी तिनं इस्त्री उचलली, नुसत्या कापडाच्या उबेनं दोनदा दाबलं आणि ब्लेडचं टोक फिरवून प्लास्टिक अल्लद सोडवलं. अर्ध्यावर आलो. वर उरलं होतं विद्यापीठाचं नाव, आणि त्याच्या खाली माझं.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. अण्णा चहा आणायला गेले असावेत, कारण माणूस थेट काउंटरपर्यंत आला. डोक्याला पांढरी टोपी, हातात वर्तमानपत्राच्या घडीत जपून धरलेला एक कागद.

“काकी, पोराचा जातीचा दाखला मिळाला आत्ताच. जरा प्लास्टिकमध्ये घालून द्या.”

आईनं वर बघितलंही नाही. तिची सगळी नजर ब्लेडच्या टोकावर होती.

“ओरिजिनल करत न्हाई मी,” ती म्हणाली. “उद्या कुठं शिक्का मारायचा म्हणलं की रडत येताल. झेरॉक्स काढा, तिचं करून देते.”

“पक्का राहील म्हणून म्हणलं.”

“पक्का ऱ्हातो, पण कामाचा ऱ्हात न्हाई.”

हे ती इतकं सहज म्हणाली, की रोज दहा वेळा म्हणत असणार. आणि म्हणून झाल्यावर तिचा हात थांबला.

मी तिच्याकडं बघितलं. ती कागदाकडं बघत राहिली. तिच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ नाकापर्यंत आला, तो तिनं पुसला नाही.

अण्णा चहाचे ग्लास घेऊन आत आले. आत काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. “अहो पाव्हणं, काकी ओरिजिनल करत न्हाईत,” ते त्या माणसाला म्हणाले. “मशीन आल्यापासनं न्हाईत करत. सभापतीच्या पुतण्याला परत लावला त्यांनी. तुम्ही चारनंतर या, झेरॉक्स काढून देतील.”

माणूस गेला. अण्णांनी ग्लास ठेवले, आमच्या दोघींच्या तोंडांकडं बघितलं आणि बाहेर जाऊन बसले.

“मग माझं?” मी विचारलं.

आईनं ब्लेड पुन्हा कडेला लावलं.

“आई, मग माझं का केलंस?”

वरचा पंखा हळू झाला आणि थांबला. इस्त्रीवरचा लाल दिवा विझला. बारा वाजले होते.

“इस्त्री गार व्हायला लागली,” आई म्हणाली. “डिंक धरंल. आत्ता सोडलं तर अक्षरं येतील वर.”

भांडायलासुद्धा वेळ नव्हता, बघा. अर्धं प्लास्टिक उचललेलं, अर्धं माझ्या नावावर बसलेलं, आणि इस्त्रीत असेल पाच-सात मिनिटांची धग. मला तिचा इतका राग आला होता की कानात गरम वाफ शिरल्यासारखं वाटत होतं. वर्षभर मी रविवार जाळले होते, आणि ही बाई मला मे महिन्यात “किती वर्षं?” विचारून भाकरी उलटते आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन, समजून उमजून, माझी पदवी मशीनमध्ये घालते. वर सकाळी माझ्याकडून अडाणी म्हणवून घेते.

मी तिच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

“सर बाजूला. मी करते.”

ती सरकली. मी कापडावर इस्त्री दाबली, प्लास्टिकची कड धरली आणि उचलली. एक बारीकसा चर्र आवाज झाला. ‘कांचन’च्या डोक्यावरचं टिंब प्लास्टिकला चिकटून वर आलं.

“वर ओढू नको,” आई मागून म्हणाली. अगदी हळू.

मी थांबले. प्लास्टिक हातात तसंच धरून थांबले. पुढं नेलं तर उरलेलं नाव जाणार होतं, खाली टेकवलं तर चिकटणार होतं. मला काय येत होतं? डिंकाला इंग्रजीत काय म्हणतात आणि तो किती अंशाला मऊ होतो, हे मला माहीत होतं. पण तो आत्ता, या कापडाखाली मऊ आहे की नाही, हे माझ्या हाताला कळत नव्हतं. तिच्या हाताला कळत होतं. गावात तेवढा एकच हात होता, आणि माझा कागद अडावा म्हणून त्याच हातानं तो प्लास्टिकमध्ये घातला होता. पुन्हा तिच्याकडं दिला आणि तिनं नुसता एक झटका दिला, तर मला आयुष्यभर कळणार नव्हतं, की चुकून झालं का मुद्दाम.

इस्त्रीवर हात ठेवून बघितला. अजून बसत होता चटका, पण आधीसारखा नाही.

मी ब्लेड तिच्यापुढं धरलं.

“घे. तूच काढ.”

आता तिनं माझ्याकडं बघितलं. काय होतं तिच्या चेहऱ्यावर, मला सांगता येणार नाही, आणि बघत बसायला वेळही नव्हता. तिनं ब्लेड घेतलं. कापड काढून टाकलं. इस्त्रीची धग कमी झाली होती म्हणून तिनं ती थेट प्लास्टिकवर टेकवली, आकडे मोजल्यासारखी ओठांनी काहीतरी पुटपुटली, उचलली, आणि डाव्या हाताची दोन बोटं उघडी तशीच त्या तापल्या प्लास्टिकवर ठेवून ते मागं लोळवायला लागली. बोटं भाजत होती. मला दिसत होतं. ती काढत नव्हती.

‘बुरगुटे’ सुटलं. ‘कुसुम’ सुटलं, तिचं स्वतःचं नाव, आईच्या नावाच्या रकान्यातलं. विद्यापीठाचं नाव सुटलं. वरची कड आली आणि सगळं प्लास्टिक गोल गुंडाळी होऊन तिच्या हातात राहिलं.

कागद टेबलावर पडला होता, थोडा वाकडा, एका कोपऱ्याला तपकिरी डाग आणि माझ्या नावावर टिंब नाही. बाकी सगळं जागेवर होतं.

तिनं तो दोन जाड फाइलींमध्ये घातला, वर झेरॉक्सच्या कागदांचे चार गठ्ठे ठेवले आणि म्हणाली, “तासभर दाबून ठिव. मग ने.” नंतर ती मागच्या मोरीत गेली आणि बादलीत हात बुडवून उभी राहिली.

संध्याकाळच्या गाडीला ती स्टँडवर आली, डब्यात दशम्या दिल्या. डाव्या हाताच्या दोन बोटांना तिनं चिंधी बांधली होती. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी फलाटावरच्या वेळापत्रकाकडं बघत होतो.

शुक्रवारी सव्वाअकराला त्याच खिडकीवर, त्याच बाई. त्यांनी पदवी उलटी केली, सुलटी केली, कोपऱ्यातल्या डागावर बोट फिरवलं.

“परवा आला होता ना तुम्ही? लॅमिनेशन काढलं हे?”

“हो.”

“कुणी काढलं?”

“आईनं.”

“लोक फाडून आणतात,” त्या म्हणाल्या आणि शिक्का उचलला.

दोन वाजता कुरियर गेलं. चौदा तारखेला कागद पोचल्याची मेल आली, ऑगस्टमध्ये प्रवेशाची. त्या पत्राच्या आईनं पंचवीस झेरॉक्स काढल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, “तिकडं कुठं दुकान शोधत बसशील?” ऑक्टोबरमध्ये मी गेले. त्या गुरुवारचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. दर रविवारी फोन व्हायचा. जेवलीस का, थंडी किती, दुकान कसं, लाइट कधी जाती. राग होता का? होता. नाही कसं म्हणू? फोन ठेवल्यावर कितीदा तरी मनात यायचं, पुढच्या रविवारी विचारायचंच. पण रविवार आला की मी आपली थंडीचं सांगत बसायची.

दोन वर्षांनी, शिक्षण संपवून, नोकरी लागायच्या आधी मी महिनाभर बार्शीला आले. दुसऱ्या दिवशी आईबरोबर दुकानात गेले. काउंटरमागच्या भिंतीवर, गणपतीच्या शेजारी, माझी पदवी लावलेली होती. लॅमिनेशन केलेली. मला क्षणभर कळेना. मग जवळ जाऊन बघितलं तर ती झेरॉक्स होती, कोपऱ्यातला डाग काळा आलेला, नावावर टिंब नाही.

मी काही विचारणार तेवढ्यात एक बाई आल्या, मुलाची मार्कशीट घेऊन. नववारी, हातात कापडी पिशवी. ओरिजिनलच प्लास्टिकमध्ये घालून द्या म्हणून हटून बसल्या. झेरॉक्सचं नको, खरंच कागद पक्का करून द्या.

“कांचन, बाईंची झेरॉक्स काढ,” आई मला म्हणाली, आणि भिंतीकडं बोट करून त्यांच्याकडं वळली. “ते बघा. माझ्या पोरीची पदवी. मी घातली होती प्लास्टिकमध्ये. काढताना जीव गेला होता माझा.”

“तुम्हाला म्हाईत नव्हतं व्हय?”

“म्हाईत होतं की,” आई म्हणाली. “मुद्दाम घातली होती.”

मी मशीनचं झाकण उचललं होतं. ते तसंच धरून उभी राहिले. माझी पाठ त्यांच्याकडं होती.

“पोरगी लांब निघाली होती. म्हणलं, कागद अडला की पोरगी अडंल. जास्त न्हाई, एक वरीस. एक वरीस घरात ऱ्हाईली असती. मग आली मुंबईवरनं रडत. मला अडाणी म्हणाली.”

“आईला?”

“बरंच वाटलं मला. खोटं बोलायला लागलं न्हाई.” आई थांबली. “मग काढाय बसले. पाठ काढली, निम्मी पुढची बाजू काढली, तरी मन एका जागी न्हवतं माझं. एक झटका दिला की संपलं, असं सारखं मनात येत होतं. आणि तेवढ्यात तिला कळलं.”

“काय कळलं?”

“की मी मुद्दाम केलंय. ब्लेड घेतलं माझ्या हातातनं. म्हणलं, आता झालं. ही परत माझं तोंड बघणार न्हाई.” आईनं काउंटरवरचे कागद उगीच नीट केले, मला आवाज आला. “तर तिनं ते परत माझ्याच हातात दिलं. सगळं कळल्यावर दिलं, बरं का. मग कसं बिघडवायचं तुम्हीच सांगा.”

मी झाकण खाली केलं, बटण दाबलं. हिरवा उजेड एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेला.

“मग आता कुठं असती पोरगी?” बाईंनी विचारलं.

“ही काय,” आई म्हणाली, “तुमची झेरॉक्स काढतीय.”

मला मागं वळता येईना. मशीनमधून कागद बाहेर आला, तो मी उचलला. कोरा होता. मार्कशीट मी उलटी ठेवली होती.

आई माझ्याजवळ आली. तिनं तो कोरा कागद माझ्या हातातून घेतला, मार्कशीट काढून सुलटी ठेवली आणि झाकण लावलं. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवरची कातडी अजून गुळगुळीत होती.

“एक कागद वाया घालवलास,” ती म्हणाली.

“चुकलं,” मी म्हणाले.